प्रथिनांची लिपी : दहावीच्या वर्गातील एक पाठ

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिलेखन आणि भाषांतरण हे शब्द पाठोपाठ येतात. विद्यार्थी ते पाठ करतात व उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवतात. परंतु पेशीत नेमके काय घडते असे विचारले, की वर्ग गप्प होतो. म्हणून हा पाठ आम्ही फळ्यापाशी नव्हे, तर कार्यालयाच्या दाराशी सुरू करतो.

कार्यालयातील जनरल रजिस्टर बाहेर नेता येत नाही. हवी ती नोंद कागदावर उतरवून घ्यावी लागते. पेशीतही तसेच. डीएनए केंद्रकातच राहतो आणि त्यातील जनुकाची नक्कल एम-आरएनएच्या रूपाने बाहेर पडते. नक्कल करताना थायमिनऐवजी युरॅसिल येतो, एवढा फरक. रायबोसोम ती नक्कल वाचतो, टी-आरएनए एकेक अमिनो आम्ल आणून देतो आणि साखळी वाढत जाते.

अक्षरे चारच आणि अमिनो आम्ले २०, मग लिपी कशी पुरते? हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करावे असा आमचा आग्रह असतो. दोन-दोन अक्षरांचे शब्द १६ होतात, म्हणजे अपुरे. तीन-तीन अक्षरांचे ६४. त्यांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि ३ थांबण्याच्या खुणा. १९६१ मध्ये निरेनबर्ग व मथाई यांनी केवळ युरॅसिलचा आरएनए वापरला, तेव्हा फक्त फेनिलअॅलनिनची साखळी तयार झाली. लिपीतला पहिला शब्द असा उलगडला. पुढील शब्द वाचण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना निरेनबर्ग व हॉली यांच्यासह मिळाले.

त्यानंतर रंगीत मणी आणि दोरा. एक विद्यार्थी रायबोसोम होतो, इतर टी-आरएनए. लायसिनचे मणी आम्ही मुद्दाम लपवून ठेवतो. 'एएए' हा शब्द आला की काम अडते आणि गलका होतो. मग भोजनगृहाची आठवण द्यावी लागते. नसरापूरच्या परिसरात भाताची खाचरे पाहतच ही मुले वाढतात. पण तांदळात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. उलट डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. ही दोन्ही अमिनो आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ताटात वरण टाळणाऱ्यांकडे त्या दिवशी सर्वांचे लक्ष जाते, हे सांगायला नको.

या पाठातील सर्वांत अवघड तास सिकलसेलचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी 'जीएजी' ऐवजी 'जीयूजी' आले, की ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन बसते. एवढ्याने ऑक्सिजन कमी असताना तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सुरुवातीचे मेथिओनिन धरले तर ही जागा सातवी नाही का?" प्रश्न रास्त होता, ते मेथिओनिन पुढे छाटले जाते, म्हणून सहावी.

विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार अनेक घरांत आहे. मागील जन्माचे पाप, कोणाची तरी नजर, अशी कारणे मुलांच्या कानावर आलेली असतात. फळ्यावर एक अक्षर बदलून दाखवल्यावर या कारणांना जागा उरत नाही. मात्र एक गैरसमज टिकून राहतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. "म्हणजे पहिल्याला झाला, तर पुढची तिघे सुटली ना?" हा प्रश्न आम्हांला दरवर्षी ऐकावा लागतो. तेव्हा आम्ही दोन नाणी हाती देतो. दोन्हींवर छापा पडला तर आजार, एकावर पडला तर वाहक. वीस वेळा उडवून प्रत्येक वेळची नोंद वहीत करायची. लागोपाठ दोनदा दोन्ही छापे पडलेली वही वर्गात बहुधा एक तरी निघतेच. ती आम्ही सर्वांना वाचायला देतो आणि विवाहापूर्वी दोघांची रक्ततपासणी का करावी, याची चर्चा तेथून सुरू होते.