हुकूम सोडण्यापूर्वी

मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर करण्याचा छंद मला निवृत्तीनंतर लागला, आणि मुलाने आपला जुना मॅक माझ्या मेजावर आणून ठेवला तेव्हा त्या छंदाला यंत्राची जोड मिळाली. तोपर्यंत माझी सारी हयात कचेरीतल्या विंडोजवर गेलेली. त्यामुळे तेथे जे काम करंगळीने कंट्रोलची कळ दाबून होई, ते येथे अंगठ्याने कमांडची कळ दाबून करायचे, एवढा फरक ध्यानात ठेवला की झाले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वस्तुतः कंट्रोलची कळ मॅकवरही आहे, आणि ती एखाद्या लहानशा संस्थानाप्रमाणे आपला कारभार निराळा चालविते. जुन्या सवयीने कंट्रोल दाबून चुकून के दाबला गेला, तर कर्सरपासून परिच्छेदाच्या अखेरपर्यंतचा मजकूर गडप होतो. कंट्रोल आणि वाय दाबल्याने तो परत येतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा जीव तेवढ्यापुरता कंठाशी येतो.

परंतु माझ्यावर ओढवलेला प्रसंग याहून गंभीर होता, आणि त्याला कारण माझे अज्ञान नसून माझी अर्धवट विद्या होती. एका छापील यादीवरून मी साठ-सत्तर शॉर्टकट पाठ केले. लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हणत असू, त्याच पद्धतीने. संक्षेपाची मला भीती नव्हती. मोडी कागदांत नुसते 'मौ' लिहिले की मौजे समजावे, आणि आकड्यापूर्वी 'छ' आला की पुढची तारीख मुसलमानी चांद्रमासाची आहे असे ओळखावे, ही माझी नित्याची वहिवाट. मात्र तोच 'छ' तारखेच्या जागी नसेल तर नुसते एक अक्षर असतो, हे जे कागद वाचताना मी क्षणभरही विसरत नसे, ते यंत्रापुढे बसताच साफ विसरलो.

माझ्या यादीत कमांड आणि डिलीट यांच्यापुढे 'ओळ पुसणे' असे लिहिलेले होते, आणि लिहिण्याच्या खिडकीत ते खरेही आहे: कर्सरपासून ओळीच्या आरंभापर्यंतचा मजकूर त्याने जातो. एके दिवशी लिहिता लिहिता एका कागदाचे नाव पाहण्यासाठी मी फाइंडरमध्ये गेलो, सतरा कागदांचे लिप्यंतर ज्या फोल्डरमध्ये होते त्यावर एकदा टिचकी मारली, आणि शेजारीच उघड्या असलेल्या मसुद्याकडे नजर वळवून, आपण तेथे परतलोच आहोत अशा भ्रमात, एक फसलेली ओळ पुसण्यासाठी कमांड आणि डिलीट दाबले. नजर परतली होती. यंत्र मात्र फाइंडरमध्येच उभे होते, आणि फाइंडरमध्ये त्याच दोन कळांचा अर्थ निवडलेली वस्तू कचरापेटीत टाकणे असा आहे. ओळ जागची हलली नाही, म्हणून मी ती माऊसने निवडून पुसली आणि पुढे लागलो. चार दिवसांनी जागा मोकळी करण्याच्या उत्साहात कमांड, शिफ्ट आणि डिलीट दाबून कचरापेटी रिकामी केली. यंत्राने रीतसर विचारलेल्या प्रश्नाला न वाचताच रिटर्न दाबून संमती दिली, आणि कागद चुरगळल्यासारखा जो आवाज झाला तो मला, सांगायला लाज वाटते, सुखद वाटला. टाइम मशीन या सोयीने दुसऱ्या डिस्कवर नक्कल ठेवण्याची तजवीज मी 'पुढे बघू' म्हणून लांबणीवर टाकली होती. मूळ कागदांची छायाचित्रे फोनमध्ये होती, इतकेच दैव. दोन महिन्यांचे काम पुन्हा आरंभापासून करावे लागले.

म्हणून नवशिक्यांना माझे पहिले सांगणे असे की, शॉर्टकट हा हुकूम आहे, आणि हुकूम सोडण्यापूर्वी समोर कोण उभा आहे हे पाहावे. पडद्याच्या अगदी वर, डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या शेजारी, त्या घटकेस ज्याचा अंमल चालू आहे त्या प्रोग्रामचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असते. आपण कोणत्या खिडकीकडे पाहतो आहोत याला तेथे किंमत नाही. तेच नाव पाहून मग हात चालवावा. दुसरे, सर्वांआधी कमांड-झेड शिकावे, कारण ते लिहिण्यातील चूक तर मागे घेतेच, पण फाइंडरमध्ये नुकतीच कचरापेटीत गेलेली वस्तूही जागच्या जागी आणून ठेवते. त्या दिवशी ओळ हलली नाही तेव्हा थांबून एवढे केले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

यादी पाठ करण्यापेक्षा मेनू वाचावा. ज्या कामाला शॉर्टकट आहे त्याच्यासमोर उजवीकडे तो चिन्हांत छापलेला असतो. जे काम आपण दिवसातून दहा वेळा मेनू उघडून करतो त्याचाच शॉर्टकट घ्यावा, आणि तो बोटांत मुरल्याखेरीज पुढच्याला हात लावू नये. त्या चिन्हांतले चार कोपऱ्यांना चार वेटोळी असलेले चिन्ह कमांडचे. आरंभी तेथे अ‍ॅपलचे सफरचंदच होते. पण मेनूत सफरचंदांची फार गर्दी होते असा आक्षेप स्टीव्ह जॉब्स यांनी 1983 साली घेतला, तेव्हा सुसान केअर या चित्रकर्तीने चिन्हांचा कोश चाळून, स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखविण्यासाठी वापरीत ते हे चिन्ह निवडले. मजेची गोष्ट अशी की 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माऊस हाती धरावा, हा त्यातला हेतू. झेड, एक्स, सी आणि व्ही या शेजारशेजारच्या कळा मात्र तेव्हापासून रद्द, काप, नक्कल आणि चिकटव यांच्या सेवेत आहेत, आणि डाव्या हाताला त्या इतक्या सोयीच्या की त्यांच्यासाठी पाठांतर लागत नाही.

शेजार सर्वत्र इतका गुणी नसतो. कमांड-डब्ल्यू एक खिडकी बंद करते, तर तिला खेटून असलेली कमांड-क्यू सबंध प्रोग्रामच गुंडाळते. ज्याचे बोट वारंवार घसरते त्याने सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्डच्या विभागात जाऊन क्यूच्या हुकमाला अधिक अवघड शॉर्टकट नेमून द्यावा. आम्हा मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण: देवनागरी आणि रोमन यांची अदलाबदल कंट्रोल-स्पेसने होते, आणि कमांड-स्पेसने स्पॉटलाइटचा शोध उघडतो, म्हणून बोट एक-दोन कळांनी चुकले की 'श्रीमंत राजश्री' हे शब्द कागदावर न उमटता शोधाच्या चौकटीत जाऊन बसतात. यात नुकसान काही नाही, एस्केप दाबावे.

आता बहुतेक कामे माझी बोटेच करतात. कचरापेटी रिकामी करण्याचा शॉर्टकट मात्र मी बुद्धिपुरस्सर विसरलो आहे; ते काम मी महिन्यातून एकदा, सकाळच्या चहानंतर, पेटी उघडून, आतले एकेक नाव वाचून, माऊसनेच करतो, आणि नातवंडे हसली तरी हसू देतो.