कोटी, आठवडे आणि चार आणे
(द्वितीय वर्ष, कला)

'सैराट'ने (२०१६) शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. असे यश मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. हे मी आमच्या आबांना मोठ्या ऐटीने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आमचा 'सांगत्ये ऐका' पुण्यातनं अडीच वर्षं हालला नव्हता. त्याचं काय?" मी हसलो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आबांना हिशेबातले काय कळणार, असे मला वाटले. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला पैशाचे मूल्य शिकलो आणि ते हसू मावळले.

समजा, दोन चित्रपटांची प्रत्येकी एक कोटी तिकिटे खपली. पहिल्याचे तिकीट सरासरी एक रुपया, दुसऱ्याचे शंभर. पहिल्याचा गल्ला एक कोटी, दुसऱ्याचा शंभर कोटी. प्रेक्षक मात्र तेवढेच! म्हणून दोन काळांतील गल्ल्यांची तुलना करण्याआधी दरवाढ बाजूला काढली पाहिजे.

मग आठवडे मोजावेत काय? अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पण त्या काळी प्रती थोड्या असत. चित्रपट आधी शहरात, मग तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोहोचे. मुंबई दूरदर्शन तर १९७२ साली सुरू झाले. उलट 'सैराट' एकाच वेळी शेकडो पडद्यांवर झळकला. अशा वेळी वर्षभराची गर्दी काही आठवड्यांतच येऊन जाते. तेव्हा आठवड्यांची फूटपट्टीही सरळ नाही.

उरली तिकिटांची संख्या. ती सर्वांत न्याय्य. परंतु तिलाही लोकसंख्येची जोड हवी. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ साली सुमारे ४ कोटी होती, २०११ साली ती ११ कोटींवर गेली. तिकिटे सारखीच खपली असतील, तर जुन्या चित्रपटाने समाजाचा मोठा हिस्सा खेचला, असे म्हणावे लागेल.

हे सारे मी आबांना समजावून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही तंबूत जमिनीवर बसून चार आण्यांत बघितला. ते चार आणे तुझ्या हिशेबात कुठं धरलेस?"

मी निरुत्तर झालो. वर्तमानपत्रांतील कोटींच्या याद्या मी आवडीने वाचतो. त्यांत तंबूतला प्रेक्षक मला कधी भेटला नव्हता, आणि मीही त्याला शोधले नव्हते. चित्रपटांच्या यशाची तुलना करणाऱ्याने 'किती?' विचारण्यापूर्वी 'मोजले कोणाला?' हे विचारावे. हा धडा मला पुस्तकाआधी आबांनी दिला.