फादर बदलून चालले, निरोप कसा द्यावा?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाच्या लाडक्या प्रमुख धर्मगुरूंची बदली झाली आहे. बिशपांना सह्यांचे निवेदन द्यावे का? – एक वाचक, वसई

उत्तर : देता येते, पण बदली म्हणजे शिक्षा नव्हे. धर्मगुरूला स्थैर्य असावे असे चर्च-कायद्याचे कलम 522 सांगते, तरी बिशप परिषदेने मुभा दिली असेल तिथे नेमणूक ठरावीक मुदतीची करता येते.

नाते बदलीने तुटत नाही. वसईकरांना हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंमुळे ठाऊक आहे. ‘सुवार्ता’चे संपादक, हरित वसईच्या लढ्यातले पुढारी, 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, तेव्हा हळहळ चर्चच्या कुंपणाबाहेरही होती. अंत्यविधीत परंपरेने सामान्य भाविकाचे पाय वेदीकडे ठेवतात, धर्मगुरूचे डोके. हयातभर लोकांकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस शेवटीही तसाच!

एक व्यवहाराची गोष्ट. लेकीचे लग्न जुन्याच फादरांनी लावावे असे वाटत असेल, तर नव्या फादरांची अनुमती आधी घ्या. नाहीतर ऐनवेळी दोघांचीही पंचाईत.

निरोपाच्या मिस्सेनंतर शाल द्या, भाषणे मात्र आवरती घ्या. आणि नव्या फादरांच्या स्वागतालाही तितक्याच संख्येने जा.