वेशीच्या आतला उपरी

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-१०, ३३-३४, अनुवाद १४:२८-२९, २४:१७-२२, रूथ अध्याय २, प्रेषितांची कृत्ये ६:१-७



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या मंडळीत एक बाई आल्या. मूळच्या नवापूर तालुक्यातल्या. नवरा येथे वडोदऱ्यास इमारतीच्या कामावर होता. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. पदरी दोन लहान मुले. उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांजवळ मदत मागितली आणि पाळकसाहेबांनी ती गोष्ट कमिटीपुढे ठेवली. आमच्या गरीब फंडाचा नियम असा की, मदत सभासदालाच द्यावी; आणि बाहेरगावाहून आलेल्याने आपल्या पूर्वीच्या पाळकांचे पत्र आणून सहा महिने नियमित उपासनेस यावे, मगच त्याला सभासद समजावे. बाईंना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नियमांची वही माझ्याकडे असते, तेव्हा नियम वाचून दाखवला तो मीच. कोणी कठोर शब्द बोलले नाही. पत्र आले की पाहू, एवढेच ठरले. बाई 'बरं' म्हणून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी प्रौढांच्या वर्गास रूथचा दुसरा अध्याय शिकवण्याची पाळीही माझीच होती. शनिवारी रात्री तयारीस बसलो, पण पाठ काही पुढे सरकेना. ह्या लेखातला विचार तेथून सुरू झाला.

प्रश्न असा आहे : नव्याने आलेल्या माणसाला, जुन्यांनी भरलेल्या कोठारातून वाटा मिळावा काय? मंडळीच्या फंडापुरता तो लहान दिसतो. पण रेशन, सरकारी दवाखाना, शाळा, घरकुल ह्यांविषयी आज देशोदेशी हाच वाद चालू आहे, आणि आपल्या शहरांत तर रोजच्या बोलण्यात आहे. 'बाहेरचे येतात आणि आपल्या तोंडचे खातात' हे वाक्य मी बसमध्ये ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर चर्चच्या आवारातही ऐकले आहे.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ह्या माणसाला 'उपरी' म्हटले आहे. हा शब्द भाषांतरकारांनी नव्याने घडवला नाही. तो आपल्या गावगाड्यातला आहे. पेशवाईच्या काळी देशावरच्या गावांत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे असत. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला, गावात मानपान असलेला. उपरी म्हणजे बाहेरून येऊन ठरावीक कराराने जमीन कसणारा, ज्याचे गावात मूळ नाही. आता ही जोडी मनात ठेवून लेवीय २५:२३ वाचा. तेथे परमेश्वर इस्राएलास सांगतो की, जमीन माझी आहे आणि तुम्ही तिच्यावर माझ्याजवळ राहणारे उपरी आहात. म्हणजे त्या देशात मिरासदार एकच, आणि बाकी सगळे उपरी. काही आधी आलेले, काही मागून आलेले.

ह्या पायावर वेचणीचा नियम उभा आहे. शेताच्या कडा साफ कापू नयेत. पडलेली कणसे गोळा करू नयेत. शेतात पेंढी विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नये. जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा धुंडाळू नयेत, द्राक्षमळ्यात सर्वा वेचू नये. हे सर्व उपरी, पोरका व विधवा ह्यांचे. आम्ही शिक्षक हा भाग मुलांना 'दानधर्म' म्हणून शिकवतो आणि तेथे चुकतो. दान देणारा आपले देतो. पण येथे शेतकऱ्याला त्या कडेला हात लावण्याचीच मनाई आहे. ती कड त्याची नव्हेच. आणि वेचणाऱ्याला मिळते तेही आयते नाही. सकाळपासून उन्हात वाकून एकेक कणीस उचलणे म्हणजे काय, ते ज्यांनी ज्वारीच्या किंवा भुईमुगाच्या शेतात सर्वा वेचला आहे त्यांना सांगायला नको.

त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची. तो दशमांश गावच्या वेशीच्या आत साठवून ठेवायचा आणि लेवी, उपरी, पोरका, विधवा ह्यांनी तेथे येऊन पोटभर खायचे (अनुवाद १४:२८-२९). हे तर सार्वजनिक कोठारच झाले. उपरी किती वर्षे राहिलेला असावा, हे नियमशास्त्र कोठेही सांगत नाही. तो वेशीच्या आत आहे, एवढे पुरे.

पण एवढ्यावरच थांबलो तर वाचकांस अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मूळ इब्री भाषेत परक्या माणसासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'गेर' म्हणजे तुमच्यात येऊन राहिलेला, तोच आपला उपरी. 'नोख्री' म्हणजे ज्याचे घरदार, कुळ आणि देव दुसरीकडे आहेत असा परका. पुष्कळदा व्यापारासाठी आलेला. नोख्रीकडून कर्ज वसूल करण्यास मुभा होती (अनुवाद १५:३), त्याच्याकडून व्याज घेण्यासही होती (अनुवाद २३:२०). मवाबी माणसाला तर दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता (अनुवाद २३:३). तेव्हा देशाने रहिवासी आणि वाटसरू ह्यांच्यात काही भेद ठेवावा असे ज्या बंधूंना वाटते, त्यांना शास्त्रात मुळीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना निर्दय म्हणणे तर अन्यायाचेच होईल.

आता रूथकडे या. ती नुकतीच आलेली आहे, सातूच्या कापणीच्या आरंभी. ती मवाबी आहे, आणि लेखक हे आपल्याला विसरू देत नाही. पुन्हा पुन्हा 'मवाबी रूथ' म्हणतो. मुकादमाला ते ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे. आणि बवाजासमोर ती स्वतःला काय म्हणवते? रूथ २:१० मध्ये मूळ शब्द 'गेर' नाही, 'नोख्री' ह्याचेच स्त्रीलिंगी रूप आहे. ती आपल्या तोंडाने सांगते की मी उपरीसुद्धा नाही, मी निव्वळ परकी. तरी बवाज तिला उपऱ्याचा वाटा देतो. वर कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतूनही थोडे मुद्दाम गळू द्या. संध्याकाळी तिने झोडून पाहिले तर सुमारे एक एफा सातू, म्हणजे आपल्या मापाने वीस-बावीस लिटर.

ते धान्य कोणी खाल्ले? रूथने आणि नामीने. नामी तर बेथलेहेमची जुनी रहिवासी! नव्या परकीला मिळालेल्या वाट्यावर एक जुनी विधवा जगली. आणि त्याआधी दुष्काळात हेच कुटुंब मवाबात जाऊन दहा-एक वर्षे मवाबाचे धान्य खाऊन आले होते. हे उलट बाजूचे खाते आपण सहसा उघडत नाही.

वर्गात हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ भावांनी जो आक्षेप घेतला, तो मला वजनदार वाटतो. ते म्हणाले, शेताची कड तेवढीच. वेचणारे वाढले तर गावच्या विधवेच्या टोपलीत कमी पडेल. हे खरे आहे. ज्याच्या वाट्यातून जाते तो श्रीमंत नसतो, गरीबच असतो. आणि नवागतांना मदत द्या असे मोठ्या बंगल्यात बसून सांगणे सोपे असते. माझे मत असे झाले आहे की सगळ्या सवलती एका मापाने मोजू नयेत. घरकुल, राज्याची शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा ह्यांसाठी एखाद्या राज्याने काही वर्षांच्या रहिवासाची अट घातली तर ती समजण्यासारखी आहे. पण भूक, आजार आणि मुलाची शाळा ह्या तीन गोष्टी थांबू शकत नाहीत. सहा महिने उपाशी राहून मग पात्र ठरलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप आळशीपणाचा, आणि त्यासाठी २ थेस्सलनीकाकरांस ३:१० हे वचन हटकून पुढे येते. त्याचा संदर्भ पाहावा. पौल तेथे नव्याने आलेल्यांविषयी बोलत नाही. मंडळीतल्याच, काम सोडून लुडबूड करीत फिरणाऱ्या लोकांना तो फटकारतो आहे. परांचीवरून पडलेल्या गवंड्याला ते वचन लागू करणे म्हणजे शास्त्राची ओढाताण होय.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तेथली एक गोष्ट सांगतो. १९९६ साली तेथे झालेल्या कायद्याने, कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊन नव्याने आलेल्यांपैकी बहुतेकांना, गरजूंसाठीच्या केंद्र सरकारच्या मोठ्या योजनांपासून पहिली पाच वर्षे दूर ठेवले. कर मात्र पहिल्या पगारापासून कापला जातो. पुढे २००२ साली अन्नसाहाय्याच्या बाबतीत मुलांना ह्या पाच वर्षांच्या अटीतून सोडवले. ही हकिकत सांगितली की आपल्याकडचे आईबाप हळहळतात, 'केवढा हा अन्याय!' म्हणतात. आणि तेच आपण, कडियानाक्यावर उभ्या असलेल्या मजुराकडे पाहून दुसरेच काही म्हणतो.

भारतात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला माणूस परदेशी नव्हे. देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. पण शिधापत्रिका गावाला बांधलेली असल्यामुळे तो हद्द ओलांडताच उपरी होत असे. २०२० साली टाळेबंदीत लोक शेकडो मैल चालत निघाले, त्याच्या कारणांपैकी हे एक. ह्यावर उपाय आधीच सुरू झाला होता. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांच्या दोन जोड्यांत सुरू झाली. एक आंध्र प्रदेश व तेलंगण, दुसरी गुजरात व महाराष्ट्र. २९ जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना ती लागू करण्यास मुदत घालून दिली; शिवाय ज्या स्थलांतरित मजुरांकडे शिधापत्रिकाच नाही त्यांनाही कोरडा शिधा मिळावा असे सांगितले. जून २०२२ मध्ये आसाम आल्यावर सारा देश योजनेत आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बसणाऱ्या कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो (अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो) धान्य देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गावी राहिलेल्यांनी आपला भाग तेथे घ्यावा, शहरात गेलेल्यांनी येथे, असेही चालते.

म्हणजे त्या बाईंचे राज्य आणि आमचे राज्य अगदी पहिल्या जोडीतले! त्यांच्याजवळ कार्ड होते. ते येथे चालते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही कमिटीवाल्यांनीही विचारले नव्हते. रूथच्या पाठानंतर दोन दिवसांनी मी त्यांच्या खोलीचा पत्ता काढून गेलो. दुकानदार आधी म्हणाला, बाहेरचे कार्ड येथे घेत नाही. मी हातातला कागद दाखवला. मग त्याने यंत्र पुढे केले. भांडी घासून बाईंच्या बोटांची रेषा गेलेली. तिसऱ्या खेपेस अंगठा उमटला. नवऱ्याचा, बाईंचा आणि दोन मुलांचा मिळून २० किलो शिधा मिळाला. सासूचा भाग गावी राहिला.

वाटपात परका मागे पडतो ही गोष्ट पहिल्या मंडळीतही घडली. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी त्यांना थांबा म्हटले नाही, किंवा भाषा शिकून या असेही म्हटले नाही. सात माणसे नेमली, आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत. त्यांतला निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्मात नव्याने आलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्यांच्याच हाती कोठाराची किल्ली दिली. आपल्या मराठी मंडळीनेही असे दिवस पाहिले आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली केडगावास आणल्या. त्यांची भाषा निराळी, गाव निराळे. कोणाकडे कसले पत्र असणार?

शिक्षकांसाठी थोडे. लहान मुलांच्या वर्गात रूथची गोष्ट सांगण्याआधी त्यांना एक काम द्या : आजी-आजोबांना विचारून या की आपले घराणे ह्या शहरात कोठून आले, कशासाठी आले, आणि पहिल्या दिवशी कोणाच्या घरी जेवले. कोणी रेल्वेत आलेले निघतील, कोणी मिशनच्या दवाखान्यात, कोणी संस्थानच्या नोकरीत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुले फार आनंदाने आणतात, असा माझा अनुभव आहे. मोठ्या वर्गात अनुवाद २३:३ आणि रूथ २:१० शेजारी शेजारी ठेवून चर्चा करावी आणि ती घाईने मिटवू नये. वस्तीतले एखादे मूल शाळेत जात नसेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची माहिती पालकांना द्या. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आमच्या फंडाच्या नियमाचे म्हणाल तर तो अजून तसाच आहे. दुरुस्तीची सूचना मी लिहून दिली आहे : अन्न व औषध ह्यांसाठी सभासदत्वाची अट नसावी, बाकीच्या मदतीसाठी असावी. दोघे वडील विरोधात आहेत. फंडात शिल्लक थोडी आहे आणि आपल्याच चार विधवांना आपण पुरे पडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. बाईंचे पत्र अजून आलेले नाही. त्या मात्र दर रविवारी येतात आणि मागच्या बाकावर बसतात.