‘ओके’वर भुलू नका

डायल-अपच्या दिवसांतली गोष्ट. वळवाच्या एका पावसानंतर आमच्या घरचं इंटरनेट लागेना. संगणकावर लिनक्स होतं. ओळखीतल्या संगणकवाल्याने येऊन मिनीकॉम हा मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम उघडला, ‘एटी’ ही मोडेमला हाक मारायची आज्ञा टाइप केली. मोडेमने ‘ओके’ म्हटलं आणि निकाल लागला: मोडेम ठणठणीत, दोष लिनक्सचा, विंडोज टाका. विंडोज टाकलं. नंबर तरीही लागेना. माझ्या फायली तेवढ्या पुसल्या गेल्या.

‘ओके’चा अर्थ इतकाच, की संगणक ते मोडेम हा रस्ता मोकळा आहे. टेलिफोनच्या बाजूचं सर्किट वेगळं असतं आणि वीज तारेतून येते ती नेमकी तिथे. तो भाग जळाला तरी आतली चिप शहाण्यासारखी उत्तरं देत राहते.

म्हणून तपासणी टप्प्याटप्प्याने करा. ‘ओके’च येत नसेल तर आधी पोर्ट बघा. विंडोजचा कॉम-१ म्हणजे लिनक्सचा टीटीवायएस-०, कॉम-२ म्हणजे टीटीवायएस-१. इथे निम्मे लोक फसतात. डेबियन-उबुंटूवर तुमचं खातं ‘डायलआउट’ गटात हवं. आणि स्वस्तातला विनमोडेम असेल तर वेळ घालवू नका. त्याचं बरंचसं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेलं असतं, ड्रायव्हर नसेल तर तो एटीलाही जागत नाही. सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम चार पैसे महाग, पण खात्रीचा.

‘ओके’ आलं की इंटरनेटचा नंबर फिरवू नका, शेजाऱ्यांचा फिरवा: ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर. त्यांची घंटा वाजली तर मोडेमला डायल करता येतं. ‘नो डायलटोन’ आलं तर त्याच सॉकेटमध्ये साधा फोन लावून ऐका. फोनमध्ये टोन आहे आणि मोडेमला तो सापडत नाही, तरी लगेच मोडेम फेकू नका. एक्स्चेंजचा टोन त्याला ओळखता येत नसेल. ‘एटीएक्स३’ द्या, म्हणजे तो टोनची वाट न पाहता डायल करतो. तरीही घंटा वाजली नाही तर मात्र मोडेमवरचा संशय पक्का.

इंटरनेटच्या नंबरावर ‘कनेक्ट’नंतर पडद्यावर लाटेसारखी चिन्हं नि महिरपी कंसांचा कचरा आला तर घाबरू नका. पलीकडून पीपीपी, म्हणजे डायल-अप जोडणीची भाषा, बोलू लागलीय. मोडेमचं काम तिथे झालं, आता पासवर्ड आणि पीपीपीच्या सेटिंग तपासा.

१९८१च्या हेज मोडेमपासून चालत आलेली ही एटी भाषा यूएसबी डोंगललाही कळते. फक्त आधी लिनक्समधला मोडेममॅनेजर हा प्रोग्राम बंद करा. तोही त्याच पोर्टवर प्रश्न विचारत असतो आणि उत्तरांची सरमिसळ होते.

आणि लँडलाइनवर अजून मोडेम असेल, तर ढग गडगडायला लागताच फोनची तार उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.