टिपूचा वाघ

बंगळुरूच्या कृष्णराजेंद्र बाजारापासून जवळच, जुन्या किल्ल्यालगत टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. हैदर अलीने आरंभलेले त्याचे बांधकाम टिपूच्या कारकिर्दीत, १७९१ मध्ये पूर्ण झाले. सागवानी खांबांच्या या महालातील छोट्या संग्रहालयात एका लाकडी वाघाची प्रतिकृती ठेवलेली आहे. मूळ वाघ मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मूळ वाघ हे कोरीव, रंगविलेल्या लाकडाचे एक नवलाईचे यंत्र आहे. सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा वाघ उताण्या पडलेल्या युरोपीय माणसावर तुटून पडला आहे. बाजूचा दांडा फिरविला की आतील भाते हलू लागतात. माणसाचा हात वरखाली होतो, त्याचे विव्हळणे ऐकू येते आणि त्यात वाघाची गुरगुर मिसळते. वाघाच्या कुशीतील झडप उघडली की हस्तिदंती पट्ट्यांचे वाद्य दृष्टीस पडते. वाघ हे टिपूचे राजचिन्ह होते. त्यामुळे वाघाखाली पडलेला माणूस कोण, हे त्याच्या दरबारात कोणाला सांगावे लागले नसेल.

४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण जिंकले. टिपू लढताना मारला गेला आणि राजधानी लुटली गेली. जिंकलेल्या नगरातील संपत्ती विजयी सैन्याची, असा त्या काळचा रिवाज होता. तिची हुद्द्यानुसार वाटणी करण्यासाठी खास अधिकारी नेमले जात. या वाटणीत टिपूचे सिंहासन नष्ट झाले. त्यावरील सोन्याचा पत्रा तोडून त्याचे तुकडे वाटण्यात आले. सिंहासनाचे व्याघ्रमुख आणि रत्नजडित हुमा पक्षी इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेले, तर कठड्यावरील लहान व्याघ्रमुखे निरनिराळ्या हाती पडली. लाकडी वाघ फोडून कोणाच्याच पदरी काही पडणार नव्हते. कदाचित म्हणूनच तो अखंड राहिला.

लूट केवळ इंग्रजांनीच केली असे नाही. १७९१ मध्ये मराठे इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध लढत होते. त्या वेळी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदादेवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य पाठविले ते टिपूने. मठात सापडलेली त्याची कन्नड पत्रे याची साक्ष देतात. मराठी वाचकाने हे प्रकरणही वगळू नये.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हा वाघ १८०८ पासून लोकांना दाखविला जाऊ लागला. १८८० मध्ये तो आजच्या संग्रहालयाकडे आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबहल्ल्यामुळे छत त्याच्यावर कोसळले आणि त्याचे शेकडो तुकडे झाले. ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला.

युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण व्हावे म्हणून १९५४ मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. अशा वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० मध्ये आला. परंतु हे करार मागील काळास लागू होत नाहीत. १७९९ च्या लुटीबाबत दाद मागण्यास त्यांचा उपयोग नाही. उरतो तो संबंधितांच्या सद्भावनेचा आणि पैशाचा मार्ग. महाराष्ट्राला दोन्हींचा अनुभव आहे. शिवाजी महाराजांची मानली जाणारी वाघनखे याच संग्रहालयाकडून २०२४ मध्ये साताऱ्यास आली, तीही तीन वर्षांच्या मुदतीने. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेली असावी, असे मानले जाते. ती २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा राज्य शासनाने ती विकत घेतली.