टर्मिनल गेलं, काम राहिलं

दिवाळीच्या सुटीत मी सुरतेजवळ कोसाडला घरी होतो. मंडळासाठी ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं मजकुरात आणायचं काम माझ्याकडे होतं. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं मिशनचं हे नियतकालिक. जुना टाइप, पुसट छपाई. टेसरॅक्टला एकेका पानाला वेळ लागतो. म्हणून घरून एसएसएचने कॉलेजच्या लिनक्स मशिनवर शिरलो, तीनशे पानं लावली आणि झोपलो. रात्री लाइट गेली, वायफाय बंद. सकाळी पाहतो तर गाडी ४१व्या पानावर अडकलेली.

मशिन तर कॉलेजात चालूच होतं. मग प्रोग्रॅम का मेला?

युनिक्सच्या घराण्यात टर्मिनलचं कनेक्शन तुटलं की शेलला ‘सिगहप’ हा संकेत जातो. हप म्हणजे हँग-अप. पूर्वी टर्मिनल फोनच्या तारेवरून जोडत. तिकडे फोन ठेवला की इकडे आवरतं घ्यायचं. शेल हाच निरोप आपण लावलेल्या कामांना देतं, आणि ज्या प्रोग्रॅमने त्याचं काय करायचं ते ठरवलेलं नसतं तो सरळ संपतो.

ओळीच्या शेवटी & टाकलं की झालं, असं मलाही वाटायचं. पण त्याने प्रॉम्प्ट लगेच परत मिळतो, एवढंच; काम शेलच्याच यादीत राहतं. आज्ञेच्या आधी ‘नोहप’ लिहिलं तर प्रोग्रॅम हा निरोप कानाआड करतो आणि पडद्यावर येणारा मजकूर ‘नोहप.आउट’ फाइलीत जमा होतो. पुढे नोहप, शेवटी &, दोन्ही हवेत.

मी आता टीमक्स वापरतो. आधी ते उघडायचं, त्यात काम लावायचं, कंट्रोल-बी दाबून सोडायचं, मग डी. पुन्हा शिरून ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की पडदा होता तसा समोर! कारण त्याचा सर्व्हर आपल्या टर्मिनलपासून वेगळा, मागे चालू असतो. अशा प्रोग्रॅमला ‘डेमन’ म्हणतात. आजी दचकली, पण सैतानाशी संबंध नाही. एमआयटीतल्या मंडळींनी १९६०च्या दशकात मॅक्सवेलच्या काल्पनिक, रेणू निवडत बसणाऱ्या भुतावरून हे नाव घेतलं.

कॉलेजातलीच वीज गेली तर मात्र नोहप काय नि टीमक्स काय, दोन्ही निरुपयोगी. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: ज्या पानाची मजकूर-फाइल तयार आहे ते सोडून द्यायचं. ४१ची फाइल रिकामीच होती, ती आधी पुसली. दुसऱ्या रात्री तिथूनच सुरुवात केली. सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा २८७वं पान चालू होतं.